खासगी क्लाऊडमधली ॲप्लिकेशनं नावानं उघडायची कशी: कोल्हापुरातल्या कारखान्यांसाठी

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बऱ्याच फौंड्र्यांत अकाउंट्सच्या टेबलावर काचेखाली एक कागद सरकवलेला असतो. त्यावर ईआरपीचा (हिशेब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरचा) आयपी, पुढं कोलन देऊन पोर्ट. खाली गेटपासचा पोर्ट, त्याखाली स्पेक्ट्रोच्या रिपोर्टचा. मधला एखादा आकडा पेनानं खोडून वर नवीन लिहिलेला. सर्व्हर बदलला की कागद बदलायचा, आणि ज्याच्याकडं जुना कागद राहिला त्याचा सकाळी नऊला फोन येणार: "सर, ईआरपी उघडंना झालंय."

तो कागद काढून टाकायचा आणि प्रत्येक ॲप्लिकेशनला एक कायमचं नाव द्यायचं, तेही असं की ते फक्त आपल्याच माणसांना उघडेल, यासाठी हा लेख. आयपी म्हणजे काय आणि राऊटरमध्ये लॉगिन कसं करायचं एवढं येत असलं, पण क्लाऊडला पहिल्यांदाच हात घालत असलात, तर इथून सुरुवात करा. उदाहरण एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाऊडच्या) मुंबई रिजनचं घेतलंय, कारण २०१६ पासून तो इथून जवळचा पर्याय आहे. ॲझ्युर किंवा गुगल क्लाऊडवर बटणांची नावं बदलतील, कामाचा क्रम हाच राहील.

क्लाऊडवर का जायचं हे मी इथं सांगत बसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा ज्यांचा सर्व्हर एका गावात आणि माणसं दुसऱ्या गावात अडकली त्यांना ते माहीत आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात बसवा, पुढचा निम्मा त्रास वाचेल. 'उघडंना झालंय' या एका तक्रारीत चार वेगळे प्रश्न असतात. नावाचा आयपी मिळाला का (हे काम डीएनएसचं)? त्या आयपीपर्यंत जायला रस्ता आहे का? तिथल्या फायरवॉलनं आत घेतलं का? आणि आत गेल्यावर बरोबर ॲप्लिकेशननं उत्तर दिलं का? या चारही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी सेट होतात आणि वेगवेगळ्या तपासायच्या असतात. नवीन माणूस सगळं एकदम जोडतो, ब्राउझर उघडून बघतो आणि चालत नाही म्हणून चारही ठिकाणी बदल करत सुटतो.

आधी नाव ठरवा

कन्सोल उघडायच्या आधी कागद-पेन घ्या. कंपनीचं वेबसाईटसाठी घेतलेलं डोमेन बहुधा असतंच. इथं आपण एक्झाम्पल.कॉम धरू, कारण ते नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. (नावं मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाईप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.) आतल्या ॲप्लिकेशनसाठी याच डोमेनखाली एक वेगळी फांदी काढायची. मी तिला 'आत' म्हणतो. म्हणजे नावं अशी होतील: ईआरपी.आत.एक्झाम्पल.कॉम, गेटपास.आत.एक्झाम्पल.कॉम, लॅब.आत.एक्झाम्पल.कॉम.

सरळ ईआरपी.लोकल का नको? कारण 'लोकल' हा शेवट मल्टिकास्ट डीएनएससाठी २०१३ पासून राखीव आहे. प्रिंटर, ॲपलची यंत्रं आणि अनेक लिनक्स मशीनं तो डीएनएस सर्व्हरला न विचारता आजूबाजूच्या नेटवर्कवर ओरडून शोधतात. मग एका मशीनवर उघडतं आणि शेजारच्यावर नाही. 'इंटरनल' हा शेवट आयकॅन या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेनं २०२४ मध्ये खासगी वापरासाठी अधिकृतपणे बाजूला काढला, त्यामुळं तो चुकीचा नाही. पण त्याला कुठलीही सार्वजनिक संस्था एसएसएल सर्टिफिकेट देणार नाही. म्हणजे स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी काढा आणि तिचं रूट प्रत्येक पीसीत, शिवाय सुपरवायझरच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकत फिरा. मोठ्या कंपनीत त्यासाठी माणसं असतात. आपल्याकडं ते सगळं तुमच्याच गळ्यात येईल. स्वतःच्या डोमेनची फांदी घेतली की हा प्रश्नच उरत नाही.

नावात कामाचा उल्लेख ठेवा, मशीनचा किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा नको. 'सर्व्हर२' किंवा ईआरपी कंपनीचं नाव घातलं की दोन वर्षांनी सॉफ्टवेअर बदलल्यावर ते नाव हास्यास्पद होतं आणि बदलायचं धाडस कुणी करत नाही. देवनागरीतली डोमेनंही मिळतात, '.भारत' २०१४ पासून आहे. हौस असेल तर वेबसाईटसाठी जरूर घ्या. आतल्या ॲप्लिकेशनला नको, कारण सर्टिफिकेटमध्ये आणि लॉगमध्ये ते 'एक्सएन' आणि दोन डॅशनं सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतं, आणि रात्री अकरा वाजता लॉग वाचताना कुठलं ॲप कुठलं ते कळत नाही.

पत्त्यांचा आराखडा

क्लाऊडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कला एडब्ल्यूएस व्हीपीसी म्हणतं. ते तयार करताना पत्त्यांची रेंज विचारली जाते आणि एकदा दिलेली मूळ रेंज नंतर बदलता येत नाही. तेव्हा इथं घाई नको. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या रेंज टाळाच. निम्म्या घरांतले आणि ऑफिसांतले राऊटर त्याच घेऊन येतात. क्लाऊडलाही तीच दिली तर मालकांच्या लॅपटॉपला घरून समजणारच नाही की १९२.१६८.१.१० म्हणजे घरातला प्रिंटर की मुंबईतला सर्व्हर. मी १०.४०.०.०/१६ घेतो. त्यात ६५,५३६ पत्ते बसतात, जे कुठल्याही कारखान्याला जन्मभर पुरतील. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुसरं युनिट असेल, तर तिथली रेंज आधी विचारून घ्या. शहरातलं ऑफिस, प्लांट, क्लाऊड, व्हीपीएन (ऑफिस ते क्लाऊड ही खासगी जोडणी) या चौघांच्या रेंज एकमेकींत घुसता कामा नयेत.

या रेंजमधून /२४ चे सबनेट, म्हणजे छोटे तुकडे, काढा: दोन वेगवेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (डेटा सेंटरच्या वेगळ्या गटांत) प्रत्येकी एक पब्लिक (थेट इंटरनेटला जोडलेला), एक प्रायव्हेट. प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडं ठेवतं, म्हणून २५६ पैकी २५१ हाती येतात. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस प्रायव्हेटमध्ये. पब्लिकमध्ये फक्त व्हीपीएनचं मशीन, आणि प्रायव्हेटमधल्या मशीनना अपडेट घ्यायला लागतो तो नॅट, म्हणजे आतल्यांना बाहेर जाऊ देणारी पण बाहेरच्यांना आत न घेणारी वाट.

व्हीपीसीच्या सेटिंगमध्ये 'डीएनएस रिझोल्यूशन' आणि 'डीएनएस होस्टनेम्स' असे दोन टिकमार्क आहेत. पहिला बहुधा चालू असतो, दुसरा तुम्ही स्वतः बनवलेल्या व्हीपीसीत बंद असू शकतो. खासगी झोनला दोन्ही लागतात. हे आत्ताच बघून टाका, नाहीतर पुढं सगळं बरोबर असूनही नाव सापडणार नाही.

खासगी झोन

रूट ५३ या एडब्ल्यूएसच्या डीएनएस सेवेत नवीन होस्टेड झोन (एका डोमेनखालच्या नावांची यादी) बनवा, प्रकार प्रायव्हेट, नाव आत.एक्झाम्पल.कॉम, आणि तो तुमच्या व्हीपीसीला जोडा. खर्च महिन्याला झोनमागं अर्धा डॉलर. आता हे नाव जगात कुणीही विचारलं तर उत्तर नाही. तुमच्या व्हीपीसीच्या आतल्या रिझॉल्व्हरला (नावाचा आयपी सांगणाऱ्याला) विचारलं तरच मिळेल. हा रिझॉल्व्हर रेंजच्या सुरुवातीपासून दुसऱ्या पत्त्यावर बसलेला असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात १०.४०.०.२ वर. हा आकडा लिहून ठेवा, ऑफिसच्या राऊटरमध्ये तोच लागणार आहे.

इथं एक खड्डा आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक नवखा पडतो. झोनचं नाव आत.एक्झाम्पल.कॉम देण्याऐवजी नुसतं एक्झाम्पल.कॉम दिलं जातं. मग काय होतं? रिझॉल्व्हरला त्या डोमेनचा खासगी झोन दिसला की तो त्यातच शोधतो. तिथं त्या नावाची नोंद, म्हणजे रेकॉर्ड, नसेल तर बाहेरच्या झोनकडं न जाता 'असं नाव नाही' म्हणून मोकळा होतो. परिणामी ऑफिसमधून कंपनीची स्वतःची वेबसाईट आणि मेल बंद, घरून मात्र व्यवस्थित चालू. शोधायला दिवस जातो. आपण फांदी वेगळी काढली त्याचं हेही एक कारण.

दुसरी बाब वेळेची. रेकॉर्ड बनवायच्या आधीच कुणी उत्साहानं ते नाव ब्राउझरमध्ये टाकलं, तर 'नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. रूट ५३ च्या मूळ सेटिंगनुसार ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. तेव्हा आधी रेकॉर्ड बनवा, मग नाव विचारा. उलटं झालं असेल तर चहा घ्या. त्या पंधरा मिनिटांत सेटिंग बदलत बसलात तर नंतर कशानं चालू झालं ते कळणार नाही.

ॲझ्युरमध्ये यालाच प्रायव्हेट डीएनएस झोन म्हणतात आणि तिथला रिझॉल्व्हर १६८.६३.१२९.१६ वर असतो. गुगल क्लाऊडमध्ये तो १६९.२५४.१६९.२५४ वर.

एकच पत्ता, अनेक ॲप्लिकेशनं

तिन्ही नावं एकाच ठिकाणी येऊ द्या आणि तिथून पुढं वाटून द्या. ब्राउझर प्रत्येक विनंतीत आपल्याला कुठलं नाव हवंय ते होस्ट हेडरमध्ये लिहून पाठवतो. गेटवरचा वॉचमन चलन बघून ट्रक कुठल्या शेडला लावायचा ते सांगतो, तसं लोड बॅलन्सर हे हेडर वाचून विनंती त्या-त्या सर्व्हरकडं वळवतो. म्हणून पोर्ट लक्षात ठेवायची गरज संपते. बाहेरून सगळ्यांना ४४३, आत कुणी ८०८० वर असो की ५००० वर.

एक-दोन ॲप्लिकेशनं असतील आणि रात्री अर्धा तास बंद पडलं तरी चालत असेल, तर माझं मत असं की लोड बॅलन्सरचं भाडं भरू नका. एका छोट्या मशीनवर एन्जिनएक्स किंवा कॅडी हा वेब सर्व्हर टाका, तेवढंच काम होतं. तिन्ही शिफ्टला डिस्पॅच चालू असेल तर मात्र एडब्ल्यूएसचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर घ्या. त्याला किमान दोन झोनमधले सबनेट लागतात, ते आपण वर काढलेच आहेत.

बनवताना पहिल्याच पानावर 'इंटरनेट-फेसिंग' की 'इंटरनल' असं विचारतात. इंटरनल निवडा. हे नंतर बदलता येत नाही, चुकलं तर लोड बॅलन्सर पाडून पुन्हा बांधावा लागतो. मग ४४३ वर लिसनर, आणि प्रत्येक नावासाठी होस्ट हेडरचा एक नियम. कुठल्याच नियमात न बसणाऱ्या विनंतीला ईआरपीकडं पाठवू नका, सरळ ४०४ चं ठरावीक उत्तर ठेवा. त्यात स्वतःचा एखादा शब्द लिहून ठेवला की तपासणीत लगेच कळतं: इथपर्यंत पोचलं, फक्त नाव चुकलं.

हेल्थ चेककडं जरा थांबून बघा. लोड बॅलन्सर सर्व्हरला ठरावीक वेळानं एक पान मागतो आणि मूळ सेटिंगमध्ये उत्तर २०० आलं तरच त्याला जिवंत धरतो. पण ईआरपीचं मुखपृष्ठ बहुधा लॉगिनकडं ढकलतं, म्हणजे उत्तर ३०२. झालं, चांगला चालता सर्व्हर 'अनहेल्दी' दिसायला लागतो. हेल्थ चेकला थेट लॉगिन पानाचा पाथ द्या, नाहीतर ३०२ ही चालेल असं सांगा.

आता झोनमध्ये परत या आणि तिन्ही नावांचे 'ए' रेकॉर्ड अलियस करून लोड बॅलन्सरला जोडा. लोड बॅलन्सरचा आयपी शोधून तो हातानं टाकू नका. तो न सांगता बदलतो. एन्जिनएक्सचं मशीन असेल तर त्याचा खासगी आयपी टाकायला हरकत नाही, टीटीएल (उत्तर किती वेळ साठवायचं तो आकडा) सुरुवातीला ६० सेकंद ठेवा, सगळं स्थिर झालं की ३०० करा.

सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनसमोरच्या फायरवॉलचे नियम, साखळीनं लावा. लोड बॅलन्सरवर ४४३ फक्त व्हीपीएन मशीनच्या ग्रुपकडून. ॲप्लिकेशनवर ८०८० फक्त लोड बॅलन्सरच्या ग्रुपकडून. डेटाबेसवर त्याचा पोर्ट फक्त ॲप्लिकेशनच्या ग्रुपकडून. आयपीऐवजी ग्रुपचं नाव दिल्यामुळं उद्या मशीन बदललं तरी नियमाला हात लावावा लागत नाही.

टॅली किंवा थेट एसक्यूएल सर्व्हरला जोडणारे प्रोग्रॅम ब्राउझरमधून चालत नाहीत, त्यांना होस्ट हेडर माहीत नसतो. त्यांनाही नाव द्या, पण रेकॉर्ड थेट त्या मशीनच्या आयपीला जोडा आणि नेमका तेवढाच पोर्ट उघडा.

सर्टिफिकेट

आतलं नेटवर्क आहे म्हणून एसएसएल कशाला, असं विचारणारे भेटतात. ब्राउझर आता साध्या एचटीटीपीवर 'नॉट सिक्युअर' दाखवतो आणि मोबाईलवरचा क्यूआर स्कॅनर म्हणजे कॅमेरा तर एचटीटीपीएसशिवाय चालूच देत नाही. गेटपासला तो लागतो.

एडब्ल्यूएसच्या सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये *.आत.एक्झाम्पल.कॉम असं वाइल्डकार्ड मागा. डोमेन तुमचं आहे हे सिद्ध करायला एक सीनेम (एका नावाकडून दुसऱ्या नावाकडं बोट दाखवणारा) रेकॉर्ड देतात, तो सार्वजनिक डीएनएसमध्ये टाकायचा, म्हणजे जिथं तुमच्या वेबसाईटचं डोमेन सांभाळलं जातं तिथं. खासगी झोनमध्ये टाकलात तर तपासणाऱ्याला तो दिसणारच नाही आणि 'पेंडिंग' हटणार नाही. वेबसाईट सांभाळणारा दुसराच कुणी असेल तर त्याला हेही सांगून ठेवा की हा रेकॉर्ड काम झाल्यावर पुसायचा नाही, नूतनीकरणाला तोच लागतो.

वाइल्डकार्ड एकाच पायरीपुरतं चालतं. ईआरपी.आत ला चालेल, टेस्ट.ईआरपी.आत ला नाही. त्यापेक्षा ईआरपी-टेस्ट.आत असं नाव द्या. वाइल्डकार्डचा आणखी एक फायदा: सार्वजनिक सर्टिफिकेटमधली नावं कुणालाही बघता येतील अशा नोंदवहीत जातात. प्रत्येक ॲपचं वेगळं सर्टिफिकेट घेतलं तर तुमच्या आतल्या ॲप्लिकेशनची यादीच जगापुढं येते.

एन्जिनएक्सवाल्यांनी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट डीएनएस पद्धतीनं घ्यावं, कारण त्यांचा सर्व्हर बाहेरून दिसत नसल्यानं दुसरी पद्धत चालत नाही. आणि ते आपोआप नवं होईल अशी सोय पहिल्या दिवशीच करा. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे. कॅलेंडरवर गोल करून हातानं बदलायचे दिवस गेले.

ऑफिसातून तिथवर पोचायचं

आतापर्यंत जे केलं ते व्हीपीसीच्या आतल्या मशीनलाच दिसतं. आता कारखाना जोडायचा. खरी डोकेदुखी इथंच असते, आणि बहुतेक वेळा ती क्लाऊडची नसून आपल्याकडच्या ब्रॉडबँडची असते.

स्थानिक फायबरवाल्यांकडून घेतलेल्या साध्या कनेक्शनवर स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळेलच असं नाही. राऊटरच्या वॅन पोर्टवर १००.६४ ते १००.१२७ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, तुम्ही त्यांच्या सामाईक नॅटमागं आहात. बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. पारंपरिक साइट-टू-साइट व्हीपीएनला स्टॅटिक आयपी लागतो, तो वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. म्हणून मी वायरगार्ड या व्हीपीएनकडं वळतो. त्यात ऑफिसचा राऊटर स्वतः आतून बाहेर फोन लावतो, त्यामुळं आपल्या बाजूला स्टॅटिक आयपी नसला तरी भागतं.

पब्लिक सबनेटमध्ये एक छोटं लिनक्स मशीन, त्याला कायमचा इलॅस्टिक आयपी, आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये यूडीपी ५१८२० एवढाच पोर्ट जगाला उघडा. ओळखीची की (गुप्त किल्ली) नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळं पोर्ट शोधत फिरणाऱ्यांना तिथं काही असल्याचंही कळत नाही. मशीनवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि टनेलमधून, म्हणजे वायरगार्डच्या जोडणीतून, आलेल्या ट्रॅफिकला मास्करेड लावा. मास्करेडमुळं व्हीपीसीला वाटतं की विनंती याच मशीनकडून आली. मग रूट टेबलात काही घालावं लागत नाही आणि १०.४०.०.२ हा रिझॉल्व्हरही उत्तर देतो. तोटा एवढाच की ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये सगळेजण एकाच आयपीवरून आलेले दिसतात. ईआरपीत प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असेल तर त्यानं काही बिघडत नाही.

इथं साइट-टू-साइट व्हीपीएन घेणाऱ्यांसाठी एक सूचना: त्या मार्गानं १०.४०.०.२ ला बाहेरून विचारता येत नाही. त्यासाठी रूट ५३ चा इनबाउंड एंडपॉइंट लागतो, त्याला किमान दोन पत्ते घ्यावे लागतात, आणि त्या दोघांचं बिल महिन्याला दीडशे डॉलरच्या पुढं जातं. छोट्या युनिटला ते परवडणारं नाही. आतल्या एखाद्या मशीनवर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर टाकून त्याच्याकडून पुढं विचारून घेतलं तरी भागतं.

ऑफिसच्या बाजूला मायक्रोटिकचा राऊटर असेल तर राऊटर-ओएस ७ मध्ये वायरगार्ड आहेच. टनेलमध्ये फक्त १०.४०.०.०/१६ जाऊ द्या, बाकीचं इंटरनेट नेहमीच्या रस्त्यानं. कीपअलाईव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर पलीकडचा नॅट थोड्या शांततेनंतर जोडणी विसरतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली दोन मिनिटं काहीच उघडत नाही.

मग डीएनएस. ऑफिसमधले सगळे पीसी राऊटरलाच नाव विचारतात असं असू द्या, आणि राऊटरला सांगा: आत.एक्झाम्पल.कॉमनं संपणारं काहीही आलं तर १०.४०.०.२ ला विचार, बाकीचं नेहमीच्या सर्व्हरला. मायक्रोटिकमध्ये हे स्टॅटिक डीएनएसच्या 'फॉरवर्ड' नोंदीनं होतं. असं केलं की टनेल पडला तरी बाकीचं इंटरनेट चालू राहतं आणि लोक तुमच्या नावानं ओरडत नाहीत.

एवढं करूनही नाव सापडलं नाही तर तीन संशयित आधी बघा. ओपनडब्ल्यूआरटी आणि पीएफसेन्ससारख्या राऊटरमध्ये रीबाइंड संरक्षण असतं. बाहेरून आलेल्या उत्तरात खासगी आयपी दिसला की ते उत्तर फेकून देतात. आपलं उत्तर नेमकं तसलंच असतं, म्हणून आपल्या डोमेनला त्यात सूट द्या. दुसरा, ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस'. तिथं कुणी एखादी सेवा निवडून ठेवली असेल तर ब्राउझर राऊटरला विचारतच नाही. एनएसलुकअप (नावाचा आयपी विचारणारी कमांड) बरोबर उत्तर देतं पण क्रोममध्ये उघडत नाही, असं दिसलं की हेच. अँड्रॉइडवर त्याचा भाऊ म्हणजे 'प्रायव्हेट डीएनएस'. जाहिराती बंद करायला पोरं तिथं काहीतरी टाकून ठेवतात. तिसरा, ज्या पीसीत कुणीतरी कार्डावर हातानं ८.८.८.८ टाकून ठेवलंय तो. असा एक पीसी प्रत्येक ऑफिसात असतो.

मालक, मार्केटिंगची माणसं आणि बाहेरगावी असणाऱ्यांच्या मोबाईल-लॅपटॉपवर वायरगार्डचं ॲप टाका, डीएनएसच्या रकान्यात १०.४०.०.२ भरा. प्रत्येक यंत्राला वेगळी की द्या. एकच क्यूआर कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सगळ्यांना वापरायला लावणं दोन कारणांनी चुकतं: एकाच कीवर दोघे आले की दोघांचंही तुटतं, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाची की बंद करता येत नाही.

तपासायचं कसं

ब्राउझर शेवटी उघडा. आधी व्हीपीसीतल्याच एखाद्या मशीनवरून एनएसलुकअपनं ईआरपीचं नाव विचारा, मग ऑफिसच्या पीसीवरून. उत्तरात १०.४० नं सुरू होणारा पत्ता आला पाहिजे. 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' आलं तर प्रश्न दुसऱ्याच कुठल्यातरी सर्व्हरला गेला, किंवा रेकॉर्ड नाही. 'टाइमआउट' आला तर विचारायचा सर्व्हरच गाठता येत नाही, म्हणजे टनेल बघा.

पत्ता मिळाला की पिंग करून निष्कर्ष काढू नका. सिक्युरिटी ग्रुपनं पिंग अडवलेला असतो, त्यामुळं चालतं नेटवर्कही मेल्यासारखं दिसतं. विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवा आणि पोर्ट ४४३ द्या. 'ट्रू' आलं की रस्ता आणि फायरवॉल दोन्ही ठीक.

त्यानंतर ब्राउझर. सर्टिफिकेटची तक्रार आली तर नाव वाइल्डकार्डात बसतं का ते बघा. तुमचा ४०४ चा शब्द दिसला तर होस्टच्या नियमात स्पेलिंग चुकलंय. ५०३ म्हणजे टार्गेट ग्रुपमध्ये (लोड बॅलन्सरच्या सर्व्हरयादीत) सर्व्हरची नोंदच नाही. ५०२ म्हणजे सर्व्हर सापडला पण ॲप्लिकेशननं जोडणी नाकारली किंवा मधेच तोडली, तेव्हा सर्व्हिस चालू आहे का आणि पोर्ट तोच आहे का बघा. ५०४ म्हणजे उत्तराची वाट बघून कंटाळला. सुरुवातीलाच येत असेल तर ॲप्लिकेशनच्या सिक्युरिटी ग्रुपनं लोड बॅलन्सरला अडवलंय. एरवी सगळं चालतं आणि महिनाअखेरच्या स्टॉक रिपोर्टलाच ५०४ येत असेल तर तो रिपोर्ट ६० सेकंदांपेक्षा जास्त घेतोय. लोड बॅलन्सरची मूळ मर्यादा तेवढीच असते, ती वाढवा.

लॉगिन पान येतं पण मोठी यादी अर्ध्यात लटकते, हे लक्षण वेगळं. तिथं टनेलचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, तपासा. वायरगार्ड १४२० धरतो, पण पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डनं जोडणाऱ्या) कनेक्शनवर पॅकेटमधली जागा आधीच आठ बाइटनं कमी झालेली असते. १४१२ किंवा त्याखाली आणा.

लॉगिन केल्यावर पान स्वतःभोवतीच फिरत राहिलं आणि ब्राउझर 'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणाला, तर ॲप्लिकेशनला अजून वाटतंय की लोक एचटीटीपीनं येताहेत. लोड बॅलन्सर पाठवतो तो एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर त्यानं वाचला पाहिजे. तसंच ईआरपीच्या सेटिंगमध्ये बेस यूआरएल म्हणून जुना आयपी लिहिलेला असतो, तो बदलून नाव टाका. नाहीतर मेलमधून जाणाऱ्या प्रत्येक लिंकमध्ये जुनाच पत्ता जाईल.

जुनं बंद करणं

एक महिनाअखेर दोन्ही रस्ते चालू ठेवा, जीएसटीच्या गडबडीत बदल नको. त्यानंतर डेस्कटॉपवरचे जुने शॉर्टकट काढा. प्रत्येक पीसीतली हॉस्ट्स फाईल उघडून बघा. मागच्या कुणीतरी तिथं ईआरपीचा आयपी हातानं लिहिलेला असला तर तो डीएनएसच्या आधी वाचला जातो, आणि पुढच्या वेळी सर्व्हर हलवला की नेमका तोच पीसी अडणार.

मग ऑफिसच्या राऊटरमधले पोर्ट फॉरवर्ड. यातला रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ सगळ्यात आधी काढा. रॅन्समवेअरवाले चोवीस तास तोच शोधत असतात, आणि पोर्टचा आकडा बदलून ठेवला म्हणून त्यांना सापडत नाही असं नाही. सगळं काढून झालं की मोबाईलचं वायफाय आणि वायरगार्ड दोन्ही बंद करा, मोबाईल डेटावरून जुना स्टॅटिक आयपी आणि जुने सगळे पोर्ट एकेक करून टाकून बघा. काही उघडलं तर ते बंद करून मगच मालकांना बिल पाठवा.